जुन्या रायफलीस नवी नळी : काडतुसांची तुलना व शेतकऱ्याचा हिशोब

सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील जुन्या घरांतून, विशेषतः ज्यांच्या वाडवडिलांकडे पाटीलकी, देशमुखी किंवा इनाम होतें अशा घरांतून, कुलपाच्या कपाटांत एखादी जुनी रायफल अद्यापि आढळते. तिचा दस्ता तेल खाऊन काळा झालेला असतो, नळींत गंजाचे डाग पडलेले असतात, आणि तिचीं काडतुसें मिळविण्यास खटपट करावी लागते. इकडे शेताची स्थिति पाहावी, तर पाटण, जावळी व शिराळा या डोंगरकडेच्या तालुक्यांत गव्यांचा व रानडुकरांचा उपद्रव आहे. खालीं कृष्णाकांठीं उसाच्या फडांत डुकरांनीं कायमचा मुक्काम ठोकला आहे. भुईमूग, मका व रताळीं एका रात्रींत उकरलीं जातात. अशा वेळीं घरच्या तरुण कारभाऱ्याच्या मनांत एक प्रश्न हटकून उभा राहतो : ‘या रायफलीची नळी बदलून, जमल्यास ती एखाद्या नव्या जोरदार काडतुसाची करून घेतली, तर पीक राखतां येणार नाहीं काय ?’

हा प्रश्न वरवर पाहतां लोहाराच्या भात्याजवळचा दिसतो. परंतु त्यांत तीन निरनिराळ्या गोष्टी गुंतलेल्या आहेत. कायदा काय करूं देतो, काडतुसाचें बळ किती, आणि जुन्या पोलादाची सोसण्याची शक्ति किती, या त्या तीन गोष्टी होत. आमची हयात महसुलाच्या दप्तरांत गेली असल्यामुळें पहिल्या गोष्टीकडे आमचें लक्ष प्रथम जातें; तथापि उरलेल्या दोहोंचाही विचार येथें यथाशक्ति केला आहे.

कायद्याची मर्यादा

संस्थानी काळांत शिकार हा राजेरजवाड्यांचा व त्यांच्या मानकऱ्यांचा शौक होता. सांगली, औंध, फलटण, जत हीं संस्थानें १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालीं; १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. संस्थानांबरोबर तो शौक लगेच गेला नाहीं. तो खऱ्या अर्थानें बंद पडला तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर तर शिकारीचे परवाने देण्याची पद्धतच उरली नाहीं. म्हणून आज ‘शिकारीची रायफल’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे केवळ बोलण्यापुरता राहिला आहे.

पीक राखण्यासाठीं मात्र कायद्यानें एक अरुंद वाट ठेवली आहे. ११ व्या कलमान्वयें, एखादें जनावर माणसाच्या जिवास किंवा उभ्या पिकासह मालमत्तेस धोकादायक झालें असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनीं अधिकार दिलेला अंमलदार कारणें नमूद करून लेखी हुकूम देऊं शकतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या परिशिष्टांत आहे, म्हणून त्याजविषयीं पिकाच्या कारणास्तव असा हुकूम मिळूं शकतो. गवा पहिल्या परिशिष्टांत आहे. त्यानें पीक कितीही तुडविलें, तरी त्याजवर पिकासाठीं बंदूक रोखतां येत नाहीं. हुकुमानें मारलेलें डुकरही सरकारची मालमत्ता ठरतें. त्याचें मटण वांटून घेणें हा गुन्हा आहे.

हत्यारांचा कायदा निराळा. १८७८ चा जुना कायदा जाऊन १९५९ चा शस्त्र कायदा आला व तो १९६२ सालीं अमलांत आला. त्याच्या १३ व्या कलमांत पीकसंरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. ती पुरेशी नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तर वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देतां येते. वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. पीकसंरक्षणाच्या या तरतुदींत कायद्यानें रायफलीचें नांव घेतलेलें नाहीं. त्याचें कारण पुढें काडतुसांच्या तुलनेंत आपोआप स्पष्ट होईल.

आमच्या भागास आणखी एक कलम लागू पडतें. कोयना अभयारण्य १९८५ सालीं झालें. कोयना व चांदोली मिळून २०१० सालीं सह्याद्रि व्याघ्र प्रकल्प झाला. कडेगांव, पलूस व वाळवें या तालुक्यांच्या सांध्यावर सागरेश्वर अभयारण्य आहे. वन्यजीव कायद्याच्या ३४ व्या कलमाप्रमाणें अभयारण्यापासून दहा किलोमीटरांच्या आंत राहणाऱ्या परवानाधारकानें आपलें नांव वन्यजीव खात्याकडे नोंदवावयाचें असतें, आणि त्या टापूंत नवा परवाना त्या खात्याच्या पूर्वसंमतीवांचून मिळत नाहीं.

काडतुसांची तुलना

आतां काडतुसांकडे वळूं. आपल्याकडील जुन्या रायफलींपैकीं पुष्कळ .३१५ बोअरच्या असतात. याचें कारण इतिहासांत आहे. इंग्रज सरकारनें लष्कराच्या .३०३ काडतुसाच्या रायफली खासगी इसमांस मना केल्या होत्या. लष्कराचीं काडतुसें चोरीस गेलीं तरी तीं लोकांच्या रायफलींत चालूं नयेत, हा त्यांतील हेतु. तेव्हां बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कंपनीनें त्याच ली पद्धतीच्या रायफली ऑस्ट्रियाच्या जुन्या मॅनलिखर काडतुसासाठीं बनवून हिंदुस्थानांत विकल्या. स्वातंत्र्यानंतर बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यानें तीच परंपरा चालविली, आणि काडतुसें आपल्या पुण्याजवळ खडकीस होऊं लागलीं. खडकीचा कारखाना १८६९ सालचा आहे.

दोन काडतुसांची बरोबरी पाहावयाची तर जाहिरातींतील विशेषणें बाजूस ठेवून हिशोब करावा. गोळीचें वजन ग्रेनांत घ्यावें. नळीच्या तोंडाशीं तिचा वेग सेकंदास किती फूट तें घ्यावें. वेगाचा वर्ग करून वजनानें गुणावें व ४,५०,२४० नें भागावें. जो आकडा येईल तें त्या गोळीचें बळ, फूट-पौंडांत. हा हिशोब मराठी शाळेंत शिकलेल्या कोणासही पाटीवर करतां येईल.

.२२ बोअरच्या लहान काडतुसाची गोळी सुमारे ४० ग्रेनांची व वेग सुमारे १,२०० फूट. बळ सुमारे १२८. हें निशाणबाजीच्या सरावाचें काडतूस. डुकरावर तें चालविणें म्हणजे जनावरास जखमी करून रानांत सोडणें, आणि जखमी डुकराच्या सुळ्यापुढें सकाळीं शेजारच्या गड्यास पाठविणें होय.

.३१५ ची गोळी सुमारे २४४ ग्रेनांची, वेग सुमारे २,००० फूट. बळ सुमारे २,१६८. जड व सावकाश चालणारी अशी ही गोळी आहे.

.३०-०६ हें अमेरिकेचें १९०६ सालचें काडतूस. त्याची १८० ग्रेनांची गोळी सुमारे २,७०० फूट वेगानें जाते. बळ सुमारे २,९१४. वजन कमी असूनही बळ वाढलें तें वेगाच्या वर्गामुळें. लांबवरच्या उघड्या डोंगरावर तिची रेषा अधिक सरळ राहते.

.३७५ मॅग्नम हें १९१२ सालचें इंग्रजी काडतूस. ३०० ग्रेनांची गोळी २,५०० फूट वेगानें धरली तर बळ सुमारे ४,१६४ येतें. तें मोठ्या व धोकादायक जनावरांसाठीं केलेलें आहे. आपल्याकडे त्या आकाराचें पीक खाणारें जनावर म्हणजे गवाच, आणि त्याजवर पिकासाठीं गोळी टाकणें वर सांगितल्याप्रमाणें निषिद्ध. तेव्हां हें काडतूस शेतकऱ्याच्या विचारांतून वगळलें पाहिजे.

आतां बाराबोरी बंदूक पाहा. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या असतां एका गोळीचा जो व्यास, तो तिच्या नळीचा व्यास, म्हणजे सुमारे.७२९ इंच. एक औंसाची, म्हणजे ४३७॥ ग्रेनांची एकच गोळी १,४०० फूट वेगानें सुटली, तर बळ सुमारे १,९०० भरतें. नळीच्या तोंडाशीं हें .३१५ हून थोडेंच कमी आहे. एस.जी. छर्रे औंसास आठ व एल.जी. सहा असतात, तीस-पस्तीस पावलांच्या आंत त्यांचा उपयोग, त्यापुढें ते फांकतात व जनावर केवळ दुखावतें.

आतां शेतांतील वस्तुस्थिति या आकड्यांशेजारीं ठेवावी. फडांतून डुक्कर बाहेर पडतें तें रात्रीं, वीस ते चाळीस पावलांवर. तेथें लांब पल्ल्याच्या सरळ रेषेचा कांहीं उपयोग नाहीं. उलट रायफलीची गोळी चुकली, किंवा जनावराच्या आरपार गेली, तर ती मोकळ्यावर दोन मैलांच्याही पलीकडे जाऊं शकते. कृष्णाकांठीं दोन मैलांत किती वस्त्या, किती पाणी पाजणारे गडी, किती ऊसतोड मजुरांच्या कोप्या असतात, हें आम्हीं वाचकांस सांगावयास नको. विजेच्या वेळापत्रकाप्रमाणें अर्धें गांव रात्रीं मोटारीवर असतें. कायद्यानें पिकासाठीं गुळगुळीत नळी कां सांगितली, तें येथें समजतें.

नळीची परीक्षा

नळी बदलण्याचा विचार करण्यापूर्वीं ती खरोखर गेली आहे काय, तें पाहावें. रायफल रिकामी आहे याची दोनदां खात्री करावी, बोल्ट काढावा, आणि मागील बाजूनें उजेडाकडे पाहावें. नळीच्या आंतील पेचदार आटे स्वच्छ, धारदार व सलग दिसले पाहिजेत. काळपट थर दिसला म्हणजे नळी गेली असें नव्हे. पुष्कळ वेळां तो जुन्या दारूचा व शिशाचा मळ असतो व पितळी कुंच्यानें आणि तेलानें निघतो. थर निघाल्यावर खालीं खड्डे दिसले, तर तो गंज. नळींत एके ठिकाणीं काळें कडें दिसलें व बाहेरून बोट फिरवितां फुगवटा लागला, तर ती नळी त्याच दिवशीं बाद समजावी. तिच्यांतून पुनः बार काढूं नये.

एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. शेतकऱ्याची नळी बारांनीं झिजून जात नाहीं. वर्षाकांठीं पांच-दहा बार काढणाऱ्याची नळी तीन पिढ्या टिकावी. ती मरते ती गंजानें. जुन्या काडतुसांच्या टोपींत जो क्षार असे, त्याचा अंश बारानंतर नळींत राही व पावसाळी हवेंतील पाणी ओढून घेई. कोयनेच्या खोऱ्यांतील चार महिन्यांच्या दमट हवेंत अशी नळी एका मोसमांत खराब होते. त्या काडतुसांनंतर नळींतून कढत पाणी ओतून, कोरडी करून मग तेल द्यावें लागे. नुसतें तेल तो क्षार काढीत नाहीं. हत्यार चामड्याच्या खोळींत महिनोगणती ठेवणें हेंही वाईटच. चामडें ओल धरून ठेवतें.

नेम चुकतो एवढ्यावरूनही नळीस दोष देऊं नये. दस्त्याचे स्क्रू ढिले झालेले असतात, माशी सरकलेली असते, किंवा नळीच्या तोंडाची कड ठेंचलेली असते. हीं दुरुस्त्या थोडक्या कामाचीं आहेत व त्यांनीं पुष्कळ रायफली पूर्ववत् होतात.

बाराबोरी बंदुकीची परीक्षा निराळी. जुन्या विलायती बंदुकींत काडतूस बसण्याची जागा अडीच इंचांची असते. हल्लींचें काडतूस पुष्कळदां पावणेतीन इंचांचें. तें आंत बसतें, म्हणून चालतें असें नव्हे. बारानंतर त्याचें तोंड उलगडून नळीच्या अरुंद भागांत शिरतें व दाब वाढतो. तसेंच लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेल्या नक्षीदार नळ्या काळ्या दारूसाठीं होत्या. त्यांत आजचें धूरविरहित दारूचें काडतूस घालूं नये.

नवी नळी : काय साधतें व काय साधत नाहीं

समजा, नळी खरोखर बाद झाली. तर दोन मार्ग दिसतात : त्याच बोअरची नवी नळी, किंवा दुसऱ्या काडतुसाची नळी. लोकांस मोह पडतो तो दुसऱ्या मार्गाचा.

काडतूस उडतें तेव्हां दाब पुढें गोळीवर पडतो तितकाच मागें बोल्टावर पडतो. नळी नवी केली तरी बोल्ट व तो ज्यांत अडकतो तें घर जुनेंच राहतें. ली पद्धतीच्या रायफलीचा बोल्ट मागच्या बाजूस अडकतो. माउझर पद्धतीचा पुढें, काडतुसाच्या अगदीं लगत. ली पद्धतीची रचना .३०३ च्या दाबासाठीं केलेली; त्या काडतुसाची हल्लींची ठरीव मर्यादा चौरस इंचास ४९,००० पौंड आहे. .३०-०६ ची मर्यादा ६०,००० आहे. म्हणजे तेंच जुनें घर ठेवून .३०-०६ ची नळी बसविणें हें, बैल तेच, नाडा तोच, आणि मोट मात्र सव्वापट मोठी करण्यासारखें आहे. पहिल्या खेपेस नाडा तुटत नाहीं, म्हणून शेतकरी निर्धास्त होतो. आणि तुटतो तेव्हां मोटक्याचा जीव जातो. रायफलीच्या बाबतींत मोटक्याच्या जागीं आपला चेहरा असतो.

दाबाखेरीज आकाराचीही अडचण आहे. .३१५ चें काडतूस कडेचें आहे, म्हणजे त्याच्या बुडाची कड बाहेर आलेली असते व त्या कडेवरच तें नळींत बसतें; .३०-०६ बिनकडेचें आहे व तें खांद्यावर बसतें. पहिल्याच्या पितळेची लांबी ५० मिलिमीटर, दुसऱ्याची ६३. म्हणजे बोल्टाचें तोंड, काडतूस ओढणारा आंकडा व पेटी हीं सर्वच बदलावीं लागतील. एवढें बदलल्यावर जुनें काय उरलें ?

दुसरी फसगत व्यासाची. .३१५ हें नांव आट्यांच्या उंचवट्यांमधील अंतरावरून पडलें. गोळी प्रत्यक्षांत सुमारे.३२३ इंचांची असते. जर्मन ८ मिलिमीटर माउझरची गोळीही त्याच व्यासाची आहे. परंतु गोळीचा व्यास जुळला म्हणजे काडतूस जुळलें असें होत नाहीं. पितळेचा आकार, खांदा, लांबी व दाब हीं चारही जुळलीं पाहिजेत.

म्हणून आमचा अभिप्राय असा कीं, .३१५ च्या रायफलीस नवी नळी घालावयाचीच असेल तर ती .३१५ चीच घालावी. तींतही मुख्य काम नळी फिरवून बसविण्याचें नसून, बोल्टाचें तोंड व काडतुसाचें बूड यांतील फट ठरीव मापांत आणण्याचें आहे. फट कमी राहिली तर बोल्ट मिटत नाहीं. जास्त राहिली तर पितळ मागें ताणून फाटतें व तप्त वायु बोल्टाच्या वाटेनें डोळ्यांकडे येतो. हें माप गेजानें पाहावयाचें असतें. ‘बोटानें पाहिलें, बरोबर आहे’ असें म्हणणाऱ्या कारागिराच्या हातीं हत्यार देऊं नये. जुन्या नळींत आंतून दुसरी बारीक नळी बसवून देतों असें सांगणारेही भेटतात. या बळाच्या काडतुसास तो उपाय चालवूं नये.

कागदपत्र

कारागिराकडे जाण्यापूर्वीं जिल्हादंडाधिकारी यांच्या कचेरीकडे जावें, हा क्रम कधींही उलटा करूं नये. कारणें अशीं :

पहिलें, परवान्यावर हत्याराचा प्रकार, बोअर व क्रमांक यांची नोंद असते. बोअर बदलला तर परवान्यावरील वर्णन व हातांतील हत्यार हीं जुळत नाहींत. म्हणून अर्ज आधीं करावा व लेखी परवानगी मिळाल्यावरच काम द्यावें.

दुसरें, दुरुस्ती किंवा फेरबदल करणाऱ्यासही ५ व्या कलमान्वयें परवाना लागतो. गांवच्या हुशार लोहाराकडून केलेलें काम कितीही सुबक असलें तरी तें दोघांसही गुन्हेगार करतें. नळी आंखूड करणें तर ६ व्या कलमानें स्वतंत्रपणें निषिद्ध आहे.

तिसरें, ८ व्या कलमाप्रमाणें हत्यारावरील नांव, क्रमांक किंवा खूण पुसणें वा बदलणें हा गुन्हा आहे. जुन्या नळीवर क्रमांक कोरलेला असेल, तर ती काढल्यावर तिचें काय करावयाचें हें अर्जांतच विचारावें. सुटी नळी हीही कायद्याच्या दृष्टीनें ‘शस्त्र’ आहे. ती अडगळींत टाकून ठेवतां येत नाहीं.

चौथें, काम झाल्यावर चांचणीचा दाखला, कारागिराच्या परवान्याचा क्रमांक असलेली पावती, व परवान्यावरील दुरुस्त नोंद हे तीन कागद एकत्र ठेवावे.

यापेक्षांही महत्त्वाची गोष्ट वारसाची. सातबाऱ्यावर वारसाची नोंद होते तशी बंदुकीच्या परवान्यावर होत नाहीं. वडील वारले कीं त्यांचा परवाना त्यांच्याबरोबर संपला. हत्यार २१ व्या कलमाप्रमाणें विनाविलंब पोलीस ठाण्यांत किंवा परवानेदार व्यापाऱ्याकडे जमा केलें पाहिजे. त्यानंतर वारसानें स्वतःच्या नांवें अर्ज करावा. २०१६ च्या नियमांत वारसासाठीं सोय आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा हत्यार बाळगून पंचवीस वर्षें झालीं, तर त्याच्या हयातींतही वारसाच्या नांवें अर्ज करतां येतो. वृद्ध वडिलांच्या मुलांनीं ही सोय वेळींच घ्यावी. दिवसकार्याच्या गडबडींत बंदूक कपाटांत राहते, वर्षें लोटतात, आणि पुढें भाऊबंदकीच्या तंट्यांत एखादा चुलतभाऊ ठाण्यांत खबर देतो. २०१९ च्या दुरुस्तीनें विनापरवाना हत्यारास किमान दोन व कमाल पांच वर्षांची कैद सांगितली आहे. त्याच दुरुस्तीनें एका इसमाजवळ तीनऐवजीं दोनच हत्यारें ठेवण्याची मर्यादा आली व परवान्याची मुदत तीनऐवजीं पांच वर्षांची झाली.

शेवटीं

वरील सर्व विचारांचा मेळ घातला असतां शेतकऱ्यासाठीं निर्णय असा निघतो. नळी मळलेली असेल तर साफ करावी, व माशी-दस्ता दुरुस्त करून घ्यावा. ती बाद झाली असेल व घराण्याची वस्तु म्हणून रायफल ठेवावयाचीच असेल, तर परवानगीनें त्याच बोअरची नळी घालावी. पीक राखणें हाच हेतु असेल, तर त्या खर्चापेक्षां परवान्याची बाराबोरी बंदूक अधिक उपयोगी. आणि तिच्याही आधीं लेखी हुकूम.

बंदूक हा पीक राखण्याचा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. नुकसान दिसतांच, उकरलेल्या सऱ्या बुजविण्यापूर्वीं, वनखात्यास कळवून पंचनामा करून घ्यावा व भरपाईचा अर्ज द्यावा. हा हक्क पुष्कळजण आळसानें गमावतात. चार-सहा शेतकऱ्यांनीं मिळून सौरशक्तीचें झटक्याचें कुंपण घातलें, तर तें एकट्याच्या रायफलीपेक्षां अधिक रात्रीं जागतें. तारेंत थेट लाइनीची वीज सोडणें किंवा डुकरांसाठीं गांवठी बॉम्ब ठेवणें हे उपाय मात्र कोणींही करूं नयेत. त्या तारेस पहांटे पाणी पाजावयास निघालेला शेजारी चिकटतो, आणि तो बॉम्ब चरणारी गाय तोंडांत धरते. डुकराचें नुकसान एका हंगामाचें असतें. तें पुढल्या हंगामांत भरून येतें.